शिकारी प्राण्यांचे जीवाश्म आणि त्यांच्यावरचं करिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नामशेष झालेल्या शिकारी प्राण्यांचा अभ्यास करणं आणि तो अभ्यास लोकांना समजेल असा सांगणं, अशी दुहेरी नोकरी करणाऱ्याला ठरावीक प्रश्न येतच राहतात. काही विद्यार्थ्यांचे, काही धास्तावलेल्या पालकांचे, बरेचसे लहान मुलांचे. उत्तर द्यायला सर्वात अवघड जातात ते मुलांचे.

म्हणजे तुम्ही डायनोसॉर खोदून काढता ना?

पुराजीवशास्त्रात, म्हणजे जीवाश्मांच्या अभ्यासात, परागकणांपासून देवमाशांपर्यंत सगळं येतं. डायनोसॉर हा त्यातला एक कोपरा आहे, सर्वात जास्त प्रसिद्धी मिळालेला. इथे बोलतोय ते प्रामुख्याने सस्तन भक्षकांबद्दल, आणि त्यातही कार्निव्होरा या गणाबद्दल: मांजरं, कुत्रे, अस्वलं, तरस, मुंगूस, उदमांजरं, सील. बांबूवर जगणारा पांडाही यातच येतो, कारण गण ठरतो तो वंशावरून. आज ताटात काय आहे त्यावरून नाही.

या वंशाची खूण दातांत सापडते. वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ एकमेकींना घासून कात्रीच्या पात्यांसारखी चालतात. या जोडीला कार्नेशियल म्हणतात. हायनोडॉन्ट नावाचा एक भक्षक गट पूर्वी होऊन गेला. त्यांच्याकडेही अशी कापणारी जोडी होती, पण जबड्यात आणखी मागे, दाढांमध्ये. त्यामुळे मातीतून आलेल्या एका दाढेवरूनही पहिला मोठा प्रश्न सुटू शकतो: हा प्राणी कोणत्या घराण्यातला?

रोजचं काम नेमकं कसं असतं?

वर्षातले काही आठवडे उन्हात, उरलेले खणांमध्ये. खण म्हणजे संग्रहालयातल्या कपाटांचे. स्पंज घातलेला पुठ्ठ्याचा ट्रे, त्यात हाड, हाडावरच बारीक अक्षरात लिहिलेला नोंदणी क्रमांक आणि शेजारी पिवळी पडलेली चिठ्ठी. कधी त्या चिठ्ठीवर नुसतं ‘मोठा मांसाहारी’ एवढंच लिहिलेलं असतं आणि पुढे प्रश्नचिन्ह. तिरपा प्रकाश टाकून दाताच्या कडा बघायच्या, कॅलिपरने मापं घ्यायची, सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे, मग पुढचा ट्रे. बाकीचा वेळ संगणकावर, शिकवण्यात, निधीसाठी अर्ज करण्यात आणि दुसऱ्यांचे शोधनिबंध तपासण्यात जातो.

या खणांमधून काय निघू शकतं? पश्चिम केनियात मेस्वा ब्रिज इथे उत्खननात निघालेले काही जीवाश्म नैरोबीच्या राष्ट्रीय संग्रहालयात अनेक दशकं पडून होते. मॅथ्यू बोर्थ्स तिथे हायनोडॉन्ट तपासत होते. त्यांनी एक खण उघडला आणि त्यात एका अवाढव्य भक्षकाचे दात दिसले. बोर्थ्स आणि नॅन्सी स्टीव्हन्स यांनी २०१९ मध्ये त्याला सिम्बाकुब्वा कुटोकाआफ्रिका असं नाव दिलं. वय सुमारे २.२ कोटी वर्षं. तो खण त्याआधी इतरांनीही उघडला असणारच, पण हायनोडॉन्टचे दात ओळखणारी नजर त्यावर पडायला इतका काळ गेला. खोदकामापेक्षा जुने संग्रह बघण्यासाठी प्रवासखर्च मागा, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो ते यामुळेच.

एका दातावरून इतकं सगळं कसं काय सांगता? अंदाजच ना?

अंदाजच, पण पुराव्यांनी बांधलेला. आणि बांधणारे पुरावे एकाहून जास्त असले की गंमत सुरू होते, कारण ते दर वेळी एकमेकांशी पटतातच असं नाही.

एक खरं प्रकरण सांगतो. लॉस एंजेलिसमधल्या रांचो ला ब्रेआच्या डांबरी खड्ड्यांत हिमयुगातल्या भक्षकांचे जीवाश्म प्रचंड संख्येने आहेत. ब्लेअर व्हॅन व्हॅल्कनबर्ग आणि फ्रिट्झ हर्टेल यांनी १९९३ मध्ये दाखवलं की तिथल्या मोठ्या भक्षकांमध्ये जिवंतपणी तुटलेल्या दातांचं प्रमाण आजच्या भक्षकांपेक्षा खूप जास्त होतं. दात मेल्यावर तुटला की आधी, हे कसं कळतं? मेल्यावर तुटला तर कडा धारदार राहते. प्राणी त्यानंतरही चावत राहिला असेल तर ती कड झिजून गुळगुळीत होते. निष्कर्ष असा निघाला की हे प्राणी हाडं जास्त फोडत होते, म्हणजे सावजाचा शेवटचा तुकडाही सोडत नव्हते. बहुधा स्पर्धा तीव्र होती.

पुढे २०१२ मध्ये लॅरिसा डीसँटिस आणि सहकाऱ्यांनी तिथल्याच स्मिलोडॉन या तलवारदंती मांजराचे आणि नामशेष झालेल्या अमेरिकी सिंहाचे दात सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. खाताना दातांवर बारीक ओरखडे आणि खळगे पडतात. हाडं चावणाऱ्याच्या दातांवर ते वेगळे दिसतात. तर या दातांवर हाडं भरपूर चावल्याच्या खुणा दिसल्या नाहीत. अमेरिकी सिंहाचे दात तर चित्त्याच्या जवळ जाणारे निघाले, आणि चित्ता हाडांच्या वाटेला फारसा जात नाही. नामशेष होण्याच्या काळात त्यांची उपासमार होत होती, असंही या दातांतून दिसलं नाही.

मग खरं कोण? दोन्ही निरीक्षणं खरी आहेत, पण ती वेगवेगळ्या काळाबद्दल बोलतात. सूक्ष्म ओरखडे शेवटच्या काही जेवणांची नोंद ठेवतात, कारण झिजेबरोबर जुने ओरखडे पुसले जातात. तुटलेला दात मात्र आयुष्यभर तुटलेलाच राहतो. शिवाय मोठं सावज झटापट करताना पाडलं तरी दात तुटू शकतो. त्यासाठी हाडच फोडायला हवं असं नाही. हा वाद लोकांपुढे ठेवला की ते कंटाळतील, असं बऱ्याच जणांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. प्राणी किती मोठा होता यावर टाळ्या पडतात, पण ‘हे कसं कळलं’ सांगायला लागलं की लोक खुर्ची पुढे ओढतात.

दातांखेरीज हाडांतल्या कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून सावज कोणत्या प्रकारचं होतं याचा माग लागतो. सीटी स्कॅनमधून कवटीची आतली रचना दिसते आणि त्यावर संगणकात ताण देऊन बघता येतो. अशाच एका अभ्यासात २००७ मध्ये स्मिलोडॉनचा चावा सिंहाच्या साधारण एक तृतीयांश ताकदीचा निघाला.

भक्षक तर संख्येने कमीच असतात. मग अभ्यासाला पुरेसे जीवाश्म मिळतात?

बहुतेक ठिकाणी नाही मिळत. शंभर हरणांमागे एखादाच शिकारी, हे गणित जीवाश्मांतही उतरतं. पुष्कळ प्रजाती एखाद्या तुटक्या जबड्यावरून ओळखल्या जातात.

ला ब्रेआ हा मोठा अपवाद. तिथून ४,००० हून जास्त डायर वुल्फ (लांडग्यासारखा दिसणारा नामशेष प्राणी) आणि २,००० हून जास्त स्मिलोडॉन निघाले आहेत. सस्तन प्राण्यांच्या हाडांत भक्षकांचा वाटा सुमारे ९० टक्के. एखादा शाकाहारी प्राणी डांबरात रुतायचा, त्याच्या धडपडीने आणि वासाने शिकारी गोळा व्हायचे आणि तेही अडकायचे. त्यामुळे ही संख्या म्हणजे त्या काळची प्राणिगणना नव्हे. सापळ्यात कोण सापडलं याची ती यादी आहे. हा फरक विसरून लिहिलेले लेख अजूनही दिसतात.

गुहांमध्येही भक्षकांची हाडं भरपूर सापडतात, कारण त्यांपैकी काही तिथे राहायचे. युरोपात गुहा-अस्वलांची हाडं काही गुहांमध्ये अक्षरशः थरांनी आहेत. बरीचशी अस्वलं हिवाळी झोपेतच मेलेली.

मेलेल्यांचा अभ्यास करायचा तर जिवंत प्राणी कशाला बघायचे?

ही पद्धत दोनशे वर्षं जुनी आहे. १८२१ मध्ये इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये कर्कडेल इथली गुहा उघडी पडली. आत तरस, हत्ती, गेंडा, पाणघोडा यांची चावलेली हाडं होती. इतका उष्ण प्रदेशातला ऐवज महापुराने वाहून आणला, हे तेव्हाचं सोयीचं उत्तर होतं. विल्यम बकलंड यांना मात्र ही तरसांची गुहा वाटली. त्यांनी एका फिरत्या प्राणिसंग्रहालयातल्या जिवंत तरसाला बैलाच्या पायाचं हाड खाऊ घातलं आणि उरलेले तुकडे गुहेतल्या तुकड्यांशेजारी ठेवले. तरसाने जे भाग फस्त केले तेच गुहेतूनही गायब होते, आणि जे सोडले तेच तिथे शिल्लक होते. गुहेतले पांढरे कडक गोळे तरसाच्या विष्ठेचे निघाले. या कामासाठी त्यांना रॉयल सोसायटीचं १८२२ चं कोप्ले पदक मिळालं.

दुसरं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या स्वार्टक्रान्सचं. तिथे सापडलेल्या एका लहान वयाच्या मानवसदृश प्राण्याच्या कवटीला (नोंद क्रमांक एसके ५४) मागे दोन भोकं आहेत. एका आदिमानवाने दुसऱ्याचा खून केला असावा, अशी एक भडक कल्पना त्या काळी चलनात होती. सी. के. ब्रेन यांनी त्याच गुहेतल्या बिबट्याच्या जीवाश्म जबड्याचे खालचे सुळे त्या भोकांवर ठेवून पाहिले. सुळ्यांमधलं आणि भोकांमधलं अंतर जुळलं. आज बिबट्या शिकार कशी ओढून नेतो हे ठाऊक नसतं तर ते सुळे भोकांवर ठेवून बघावेत, हे सुचलंच नसतं.

म्हणून प्राणिसंग्रहालयात मेलेल्या प्राण्याच्या विच्छेदनाला हजर राहायची संधी आली तर सोडू नका. वास येतो. सवय होते.

शिक्षण कोणत्या शाखेचं घ्यावं?

भूविज्ञान किंवा जीवशास्त्र, दोन्ही वाटा चालतात. एकातून आलात तर दुसरं भरून काढावं लागतं. थर वाचता न येणाऱ्या प्राणिशास्त्रज्ञाला वय कळत नाही, आणि स्नायू कुठे चिकटतात हे ठाऊक नसलेल्या भूवैज्ञानिकाला हाड म्हणजे फक्त दगड. पदवी, पदव्युत्तर, मग पीएचडी, आणि त्यानंतर बहुतेकांच्या वाट्याला एक-दोन पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या नोकऱ्या) येतात, बरेचदा वेगवेगळ्या देशांत. म्हणजे पदवीला प्रवेश घेतल्यापासून कायम नोकरी मिळेपर्यंत दहा ते पंधरा वर्षं धरून चाला.

या काळात शिकण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली तर तुलनात्मक शरीररचनाशास्त्र घ्या. त्याचा पोटापाण्याशीही संबंध आहे, पुढे येतंच.

गणित कच्चं आहे. चालेल?

संख्याशास्त्र लागतं आणि थोडं प्रोग्रॅमिंगही, बहुतेक जण आर ही भाषा वापरतात. शाळेतल्या गणिताची भीती वाटत असेल तरी हे जमतं, कारण इथे आकडे स्वतः मोजलेल्या हाडांचे असतात. अजिबात करणारच नाही म्हणालात तर मात्र अडेल.

नोकरी मिळते का, खरं सांगा.

पुराजीवशास्त्रज्ञ या नावाच्या जागा फार थोड्या, आणि पीएचडी झालेले उमेदवार त्याहून कितीतरी जास्त. हे आधीच माहीत असावं. विद्यापीठ आणि संग्रहालय या दोन सरळ वाटा.

तिसरी वाट बाहेरच्यांना चकित करते. अमेरिकेत बरेच पृष्ठवंशीय पुराजीवशास्त्रज्ञ वैद्यकीय महाविद्यालयांत मानवी शरीररचना शिकवतात. सकाळी विद्यार्थ्यांना खांद्याचे स्नायू दाखवायचे आणि दुपारी स्वतःच्या टेबलावर नामशेष मांजराचा खांदा. त्या विभागांना विच्छेदन जाणणारे शिक्षक हवे असतात आणि आपल्याला ते येत असतं.

चौथी वाट बांधकामांची. काही ठिकाणी कायद्यानुसार पाया खणताना जीवाश्मांवर लक्ष ठेवायला तज्ज्ञ नेमावा लागतो. ला ब्रेआच्या शेजारी भूमिगत वाहनतळासाठी २००६ मध्ये खोदताना जीवाश्मांचे नवे साठे लागले. ते मातीसकट २३ लाकडी खोक्यांत उचलले गेले आणि त्यातून ‘प्रोजेक्ट २३’ उभा राहिला.

शिवाय जीवाश्म साफ करणारे प्रिपरेटर, संग्रह सांभाळणारे, प्रदर्शनं रचणारे आणि विज्ञानलेखकही असतात. यातलं कुठलंही काम ‘संशोधक होता आलं नाही म्हणून’ करायचं काम नाही. चांगला प्रिपरेटर नसेल तर संशोधकाच्या हातात नुसतं खडकाचं ढेकूळ राहतं.

पगार?

या शिक्षणाला लागणाऱ्या वर्षांच्या मानाने कमी. पैशांसाठी कोणी इथे येत नाही, पण म्हणून फुकट काम करायला कोणी सांगितलं तर नाही म्हणा.

नव्या प्रजातीला स्वतःचं नाव देता येतं का?

नियमात थेट मनाई नाही, पण तसं केलंत तर पुढच्या प्रत्येक परिषदेत हसं होईल. दुसऱ्याने दिलं तर छान.

लोकांसाठी लिहिण्या-बोलण्यात वेळ घालवला तर संशोधनाचं नुकसान होत नाही?

होतं. दिवसाचे तास तेवढेच. आणि बढतीच्या वेळी शोधनिबंध मोजले जातात, शाळेतली व्याख्यानं क्वचितच. तरुणांनी हे गोड आशेने झाकू नये. पीएचडीच्या शेवटच्या वर्षात पॉडकास्ट सुरू करू नका.

पण एक फायदा कमी लेखला जातो. बारा वर्षांच्या मुलाला समजेल असं वाक्य लिहायला बसलं की स्वतःच्या युक्तिवादातली भोकं दिसतात. ‘शिकारीची रणनीती अनुकूलित झाली’ असं शोधनिबंधात खपून जातं. मुलगी विचारते, ‘म्हणजे तो काय करायचा?’ आणि कळतं की आपल्यालाही नक्की ठाऊक नाही.

सुरुवात प्रदर्शनातल्या माहितीफलकापासून करावी असं माझं मत. पन्नासेक शब्द, वाचणारा उभा, शेजारी मूल हात ओढतंय. तिथे जमलं तर कुठेही जमेल.

बातम्यांत चुकीचं येतं तेव्हा काय करता?

वर आलेला सिम्बाकुब्वाच घ्या. नावाचा स्वाहिली अर्थ ‘आफ्रिकेतला मोठा सिंह’. झालं, मथळ्यांत ‘राक्षसी सिंह’ अवतरला. तो सिंह नव्हता, मांजरही नव्हता. हायनोडॉन्ट म्हणजे कार्निव्होरा गणाबाहेरचा गट. वजनाचंही तसंच. आजच्या प्राण्यांवर बेतलेली वेगवेगळी सूत्रं लावली तर मोठ्या सिंहाच्या आसपासपासून हजार किलोंच्या पुढेपर्यंत आकडे येतात, कारण अशा शरीराचा प्राणी आज जिवंतच नाही. मथळ्याला अर्थात सर्वात मोठा आकडा आवडतो. यावर उपाय एकच: प्रसिद्धिपत्रकात पहिल्याच परिच्छेदात ‘हा सिंह नाही’ असं आपणच लिहायचं आणि आकडा द्यायचाच तर पल्ला द्यायचा. नंतर दुरुस्तीच्या मागे धावून फार हाती लागत नाही.

डायर वुल्फचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. २०२१ मध्ये प्राचीन डीएनएवरून कळलं की त्याचा वंश आजच्या लांडग्यांच्या वंशापासून सुमारे ५७ लाख वर्षांपूर्वी वेगळा झाला होता, आणि त्याला एनोसायॉन या वेगळ्या प्रजातीगटात ठेवलं गेलं. मग एप्रिल २०२५ मध्ये एका अमेरिकी कंपनीने जाहीर केलं की डायर वुल्फ परत आणलाय. प्रत्यक्षात ती करड्या लांडग्याच्या १४ जनुकांत २० बदल करून जन्माला घातलेली पिल्लं होती. तंत्र म्हणून कौतुकास्पद आहेच. पण लाखो वर्षांचं अंतर वीस बदलांत भरून निघत नाही, आणि हे स्पष्ट बोलणं आमच्या कामाचा भाग आहे, मग आनंदावर विरजण टाकल्याचा आरोप होवो.

चित्रांतला रंग, केस, ओठ हे सगळं कल्पनेनेच ना?

रंग बहुतेकदा कल्पनेने, स्नायू मात्र नाहीत. माउरिसियो आंतोन यांच्यासारखे चित्रकार आधी सांगाडा, मग स्नायू, मग कातडी अशा क्रमाने चढत जातात, आणि ते स्वतः शोधनिबंधही लिहितात. त्यांच्या गटाने २०२२ मध्ये मांडलं की होमोथेरियम या दुसऱ्या एका तलवारदंती मांजराचे वरचे सुळे तोंड मिटल्यावर ओठांआड झाकले जात असावेत, स्मिलोडॉनचे मात्र बाहेर दिसत असावेत.

आणि कधीकधी पृथ्वीच उत्तर देते. सायबेरियातल्या याकुतियात बाद्यारिखा नदीकाठी २०२० मध्ये होमोथेरियमचं गोठलेलं पिल्लू मिळालं; वर्णन २०२४ मध्ये आलं. सुमारे तीन आठवड्यांचं, अंगावर दाट गडद तपकिरी केस, आजच्या सिंहाच्या छाव्यापेक्षा लहान कान, जाड मान, रुंद पंजे. प्रौढाचा रंगही तसाच होता का, हे यावरून सांगता येत नाही. पिल्लांचा रंग पुढे बदलतो, हे आजही दिसतं.

वाघ आणि स्मिलोडॉनची लढत झाली तर कोण जिंकेल?

प्रत्येक शाळेत येणारा प्रश्न. झटकू नये, कारण याच्या पोटात चांगलं शास्त्र आहे. स्मिलोडॉनचे पुढचे पाय वाघापेक्षा बळकट, चावा दुबळा, सुळे लांब पण बाजूने ताण आला तर मोडणारे. म्हणून तो सावजाला आधी पायांनी जखडून मग नेमका चावा घेत असावा. ‘आता तूच सांग, हलणाऱ्या वाघाला असं जखडता येईल का?’ असं विचारलं की वर्गात दोन तट पडतात आणि तासाची घंटा ऐकू येत नाही.

जीवाश्म विकत घ्यावेत का?

भक्षकांचे तर नकोच, असं माझं ठाम मत. न्यूयॉर्कमध्ये २०१२ मध्ये टार्बोसॉरस या मंगोलियातल्या शिकारी डायनोसॉरचा सांगाडा लिलावात दहा लाख डॉलरपेक्षा जास्त बोलीला गेला. तो तस्करीने आणल्याची कबुली विकणाऱ्याने न्यायालयात दिली आणि २०१३ मध्ये तो मंगोलियाला परत मिळाला. सांगाडा परतला, पण तो कोणत्या थरातून, कशाशेजारून उपटला ही माहिती गेली ती गेलीच. खासगी दिवाणखान्यातल्या हाडावर दुसऱ्या कोणालाही मापं पडताळता येत नाहीत.

मला दगडात दातासारखं काहीतरी दिसलं. काय करू?

उपटू नका. शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून जवळून फोटो काढा, मग चार पावलं मागे येऊन आजूबाजूच्या थरांसकट आणखी एक काढा. फोनवरून जागेचे अक्षांश-रेखांश टिपून ठेवा. जागेचा फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडा घेऊन कोणीतरी पोचतं. जवळच्या विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाला किंवा संग्रहालयाला ईमेल करा. दहापैकी नऊ वेळा तो विचित्र आकाराचा गारगोटीचा तुकडा निघतो. तरीही पाठवा, फोटो बघायला आम्हाला पाच मिनिटं पुरतात.